पूर्ण हजेरी

सोमवारी सात गैरहजर. मंगळवारी अकरा.
बुधवारी मी नावं सावकाश घ्यायला लागले,
जणू घाईनं हाक मारली
तर आणखी कुणी निसटेल.

दुसरी ब, पट एकेचाळीस.
सातपूरची मनपा शाळा, मागच्या भिंतीला लागून कंपनीची शेड,
जानेवारी, पारा आठवर.
तिकडे निफाडला रात्री बागेत शेकोट्या पेटवतात,
द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून.

इकडे मोबाइलवर परिपत्रक.
‘एका बाकावर एकच विद्यार्थी बसवावा.’
बाक चौदा.
‘वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात.’
मी स्वेटर मोजले. एकोणीस.
मग खिडक्या उघडल्या,
आणि बिनस्वेटरची मुलं उन्हाच्या पट्ट्यात बसवली.
पट्टा सरकला की वर्ग सरकायचा,
तास संपेपर्यंत आम्ही दारापाशी आलेलो असायचो.

शेवंताबाईंनी साबणाची वडी
जुन्या पायमोज्यात घालून नळाला बांधली,
नाहीतर ती दर आठवड्याला घरी जाते कुणाच्या तरी दप्तरातून.
पाणी असं की बोटं वाजतात.
तरी रांग लागते, तरी ढकलाढकली,
मोजा पिळायला मिळावा म्हणून
मिस्बाह दोनदा हात धुते.

शिंक कोपरात, हे शिकवायला मला तीन दिवस लागले.
शेवटी म्हटलं, आपण घारी आहोत, पंख वर.
आता कुणी शिंकलं की मागून ओरडतात,
“बाई, याने पंखाबाहेर शिंकलं!”

शुक्रवारी पार्थेश गांगुर्डे.
जूनपासून एकही दिवस चुकला नाही.
भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे
सोनेरी तारे, दाटीवाटीने,
मीच चिकटवलेले, मीच टाळ्या वाजवायला लावलेल्या.
डोळे लाल. कपाळ तव्यासारखं.
“आईनं सकाळी गोळी दिलीय, बाई.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकते.”
ते त्याने इतक्या सवयीनं सांगितलं
जसं कुणी बसची वेळ सांगतं.
आणि मग हळूच,
“घरी नका पाठवू. तारा जाईल ना.”

मुख्याध्यापकांच्या खोलीत सतरंजी अंथरली.
फोन लावला. पाचव्यांदा उचलला.
मागे मशीनचा धडधडाट, अंबडची कुठलीतरी कंपनी.
“बाई, ब्रेक झाला की निघते. तोवर ठेवा ना त्याला.
काल त्याच्या बहिणीसाठी अर्धा दिवस गेला,
आज परत मागितली सुट्टी तर उद्यापासून नका येऊ म्हणतील.”
मी म्हटलं, ठेवते.
आजारी मूल शाळेत का पाठवता,
हे वाक्य मी पालकसभेसाठी घोटून ठेवलं होतं.
ते जिभेवर आलंच नाही.
माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात
तीच गोळी, तीच पांढरी पट्टी,
दोन घरं रिकामी.
एक सकाळी सातची, एक आदल्या रात्रीची.

म्हणजे सोमवारपासून
मी एकेकाच्या वहीवर वाकत होते,
ओळ गिरवून देत होते,
पंख न पसरता.

पावणेदोनला ती आली, गळ्यात अजून कंपनीचं कार्ड.
पार्थेशला पाठुंगळी घेतलं.
तो तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिला.
दोघांपैकी कुणाला जास्त ताप आहे
ते मला बघायला हवं होतं. राहून गेलं.

शाळा सुटल्यावर स्टुलावर चढून तक्ता काढला.
चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडे आले,
आणि आत एक चौकोन उरला,
बाकीच्या भिंतीपेक्षा जरा स्वच्छ.
शेवंताबाई खाली स्टूल धरून उभ्या,
“आता काय लावायचं इथं?”
“काही नाही,” म्हटलं, आणि खोकला आला,
कोपर वर न्यायला उशीरच झाला.
त्या मागे सरकल्या नाहीत. स्टूल धरलेलं होतं.

शनिवारी सकाळी सव्वासातला
मुख्याध्यापकांना फोन केला.
“बाई, अहो, तुम्हीसुद्धा? वर्ग कुणाला देऊ?”
ते खरंच विचारत होते.
मला उत्तर माहीत नव्हतं.
अंगावर दोन गोधड्या, दातावर दात,
तरी उभं राहून,
वर्गात मुलं उठून उभी राहतात तसं,
मी म्हटलं,
गैरहजर.